शब्द हवा: तोंडात काही नसताना येणारी चव

मोरपीस
एका व्यसनमुक्ती केंद्रासाठी इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणतेय. नवा रुग्ण दाखल झाला की समुपदेशक हे प्रश्न मोठ्याने वाचणार, त्यामुळे शब्द कानाला कळायला हवेत. 'आवाज ऐकू येतात का', 'इतरांना न दिसणारं काही दिसतं का' इथपर्यंत सुरळीत झालं. पुढे 'गस्टेटरी हॅल्युसिनेशन' आलं आणि गाडी अडली.

अर्थ असा: काही खाल्लेलं-प्यायलेलं नसताना तोंडात स्पष्ट चव येणं. संदर्भ नशेच्या पदार्थांचा आहे. हाताशी आलेले पर्याय: रसभ्रम, स्वादभ्रम, रुचिविभ्रम, रसनेंद्रियजन्य निर्वस्तुभ्रम. शेवटचा मोठ्याने वाचून बघितला. रुग्णाच्या आधी समुपदेशकालाच धाप लागेल.

अनुस्वार
निर्वस्तुभ्रम हा शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकांत रुळलेला आहे आणि अर्थाने चोख आहे: वस्तू नाही, तरी जाणीव आहे. पण तो परीक्षेत लिहायचा शब्द आहे, बोलायचा नव्हे.

'विभ्रम' मात्र कृपा करून नको. जुन्या मराठीत आणि संस्कृतात विभ्रम म्हणजे नायिकेचे लाडिक हावभाव. 'रुचिविभ्रम' वाचून मला एखादी रुची नावाची नटी आठवेल.

'भ्रम' की 'भास' हा खरा प्रश्न. दोरी पाहून साप वाटणं हे आपल्याकडचं भ्रमाचं ठरलेलं उदाहरण. तिथे दोरी तरी असते, चूक होते ती ओळखण्यात. दोरीही नसताना साप दिसला तर ते वेगळं. बोलीत आपण म्हणतो, 'कुणीतरी हाक मारल्याचा भास झाला.' हाक मारणारं कुणीच नव्हतं, हे त्यात गृहीत आहे. म्हणून हॅल्युसिनेशनला भास आणि इल्यूजनला भ्रम. माझं मत चवीचा भास याला.

अवांतर: समास करायच्या नादात 'रसाभास' करू नका. काव्यशास्त्रात ती जागा आधीच भरलेली आहे. अनुचित ठिकाणी शृंगार वगैरे रंगवला की त्याला रसाभास म्हणतात.

आंबटगोड
आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. हा चवीचा भास का? आणि चिंचेचं नाव काढल्यावर तोंडाला पाणी सुटतं त्याचं काय?

अनुस्वार
आवळ्याच्या बाबतीत तोंडात पाणी आहेच की. आहे त्या पाण्याची चव पालटली, म्हणजे दोरीचा साप झाला. चिंचेच्या बाबतीत चव येतच नाही, फक्त लाळ येते, आणि चिंच समोर नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. ती आठवण.

कल्हई
मोरपीसताई, शब्द ठरवण्याआधी एक विचारतो. लोक नेमकी कसली चव सांगतात? इंग्रजी मजकुरात 'मेटॅलिक' असं लिहिलेलं असेल तर 'धातूसारखी' करू नका. धातू कुणी चाखलाय? आपल्याकडे त्याला स्वतःचा शब्द आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक किंवा कढी राहिली की ती कळकते. आंबटपणाने तांबं उतरतं आणि जिभेच्या मुळाशी ती विचित्र, ओकारी आणणारी चव येते. आमच्या लहानपणी कोकणात 'कढी कळकली, टाकून द्या' हे दर आठवड्याला कानावर यायचं. 'तोंड कळकल्यासारखं वाटतं का?' असं विचाराल तर साठीपुढचा माणूस चटकन हो किंवा नाही म्हणेल.

मोरपीस
कल्हईकाका, क्या बात! मूळ मजकुरात 'मेटॅलिक' आहेच, तेही पहिलंच उदाहरण म्हणून. पण केंद्रात येणारी बरीच मुलं विशी-पंचविशीतली आहेत. स्टीलच्या भांड्यांत वाढलेली. त्यांना कळकणं कळेल?

कल्हई
नाही कळणार. त्यांच्यासाठी 'तोंडात नाणं धरल्यासारखं' किंवा 'ओठ फुटून रक्त आल्यासारखं' म्हणा. रक्ताची चव सगळ्यांना माहीत असते.

वैद्य रानवाट
रक्ताचा विषय निघाला म्हणून सांगतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विसाव्या अध्यायात वाताचे ८०, पित्ताचे ४० आणि कफाचे २० विकार मोजले आहेत. तोंडाच्या चवीबद्दल त्यात बरंच सापडतं. वाताच्या यादीत *कषायास्यता*, म्हणजे तोंड तुरट पडणं, आणि *अरसज्ञता*, चवच न कळणं. पित्ताच्या यादीत *तिक्तास्यता*, तोंड कडू पडणं, आणि *लोहितगन्धास्यता*, तोंडाला रक्ताचा वास येणं. कफात *मुखमाधुर्य*, उगाच गोड लागणं. तापात तोंड कडू होतं असं आपण आजही म्हणतो, ते याच घराण्यातलं.

गंमत पुढे आहे. वाताच्याच यादीत *अशब्दश्रवण* असा शब्द येतो. शब्द नसताना ऐकू येणं! ऐकण्याच्या भासाला इतकं नेमकं नाव असलेलं मला दुसरीकडे दिसलेलं नाही. त्याच साच्यात चवीसाठी अरसास्वाद बनवता येईल: रस नसताना आस्वाद.

अनुस्वार
अशब्दश्रवण फारच सुरेख. पण अरसास्वाद ऐकल्यावर आजचा मराठी माणूस 'बेचव' असा अर्थ घेईल, किंवा 'अरसिक' आठवेल. नेमका उलटा अर्थ. शिवाय 'आस्वाद' म्हटलं की आपण आनंदाने चाखतो. या चवी बहुतेक घाणेरड्या असतात ना?

गुंगी
भूलतज्ज्ञ आहे, म्हणून जरा लांबण लावते. हो, सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक चवी नकोशा असतात: कडू, कळकलेली, कुजकी. पण शब्द ठरवण्याआधी गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण ज्याला लोक सरसकट चवीचा भास म्हणतात त्यातला मोठा भाग भास नसतोच.

थायोपेंटोन हे भूल देण्याचं जुनं औषध शिरेतून दिलं की काही रुग्ण शुद्ध हरपण्याआधी सांगतात, 'तोंडात लसूण आल्यासारखं वाटतंय.' तोंडात तर काही घातलेलं नसतं. मग हा भास? नाही. औषध रक्तातून जिभेपर्यंत पोचतं आणि जीभ ते खरोखर चाखते. पूर्वीचे डॉक्टर याचा उपयोगही करून घेत. दंडाच्या शिरेत सॅकरिनसारखं गोड किंवा डिहायड्रोकोलेटसारखं कडू द्रव्य टोचायचं, हातात घड्याळ धरायचं आणि रुग्णाला चव कधी येते ते मोजायचं. साधारण १० ते १६ सेकंदांत चव आली तर रक्ताभिसरण ठीक, बराच उशीर झाला तर हृदय कमजोर असल्याची शंका. दंड ते जीभ असा तो वेळ.

झोपेच्या गोळ्यांमधलं झोपिक्लोन बघा. मनावर परिणाम करणारंच औषध. सकाळी उठल्यावर तोंड कडूजहर. कारण औषध लाळेत उतरतं. मेट्रोनिडॅझोल घेतलेल्या कुणालाही विचारा, तोंड कळकतं म्हणजे काय ते तो सांगेल, आणि ते औषध तर साधं पोटाच्या जंतुसंसर्गाचं. मनोविकारावरचं लिथियम घेणारे रुग्णही हीच तक्रार करतात. हे सगळं औषधाची खरी चव किंवा औषधाने लाळेत-जिभेत केलेला फेरफार.

दुसरा गट म्हणजे आहे ती चव पालटणं. गुडमारची पानं चावून वर साखर खाल्ली तर साखर वाळूगत लागते, कारण त्या पानांतली आम्लं गोडाचे ग्राहकच (गोड चव टिपणारे रिसेप्टर) काही काळ अडवून ठेवतात. लडाखला किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स हे औषध घेतात. त्यांना सोडा आणि बिअर एकदम मेल्यासारखी लागते. कारण बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड जिभेला कळावा म्हणून जे विकर (एन्झाइम) लागतं, तेच हे औषध बंद पाडतं. आंबटगोड यांचा आवळा याच गटात.

या दोन्ही गोष्टी बाजूला काढल्यावर उरतो तो भास: जिभेपाशी काहीच घडत नाही, चव मेंदूतच उमटते.

आंबटगोड
दंड ते जीभ! हे कुणी शिकवलंच नव्हतं. 🙏

मग भांगेचं काय? शिवरात्रीला भांग घेतलेला आमचा एक दोस्त साध्या बुंदीच्या लाडवाला 'असा लाडू जन्मात खाल्ला नाही' म्हणत सुटला होता आणि थांबायचं नाव घेईना.

गुंगी
लाडू होता ना? मग भास नाही. 🙂 भांग-गांजातला घटक मेंदूतल्या ज्या ग्राहकांना जाऊन चिकटतो, ते भूक आणि खाण्यातला आनंद यांच्याशी जोडलेले आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत तर याच जातीच्या, शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यांनी जिभेवरच्या गोडाच्या पेशीसुद्धा जास्त जोरात प्रतिसाद देताना दिसल्या. गोडी वाढते, पण हवेतून लाडू येत नाही.

मोरपीस
गुंगीताई, मग नशेच्या पदार्थांनी खरा चवीचा भास होतो तरी का? नाहीतर मूळ प्रश्नच फोल.

गुंगी
होतो, पण दिसण्या-ऐकण्याच्या भासांच्या मानाने नोंदी खूपच कमी. आणि ज्या आहेत त्यांतल्या कितीतरी वरच्या चाळणीत गळतात.

मला एक नोंद फार आवडते. अल्बर्ट हॉफमन या रसायनतज्ज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सँडोझ कंपनीत १९३८ साली एलएसडी बनवलं आणि १९ एप्रिल १९४३ ला स्वतःवर मुद्दाम प्रयोग केला. पाव मिलिग्रॅम, पाण्यात मिसळून. वहीत दुपारी ४:२० ची नोंद आहे, तिच्यात द्रव्याबद्दल त्याने लिहून ठेवलंय: चव नाही. नंतर चक्कर, चेहऱ्यांचे रंगीत मुखवटे, सायकलवरून घर गाठणं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याने सांगितलेल्या लक्षणांच्या यादीत 'जिभेवर धातूची चव' हेही आहे आणि घसा कोरडा पडून आवळल्यासारखा होणं हेही. आता विचार करा. द्रव्य बेचव आहे हे त्यानेच आधी टिपलंय, मात्राही इतकी नगण्य. त्यामुळे ही औषधाची चव नव्हे. मग भास? माझं मन तिकडे झुकतं, पण भीतीने आणि द्रव्याने तोंड कोरडं पडलेलं होतं. लाळ आटली की लाळेतल्या क्षारांचं प्रमाण बदलतं आणि तेवढ्यानेही चव बिघडते. म्हणून मी त्यापुढे एक प्रश्नचिन्ह ठेवीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता त्याला विलक्षण रुचकर लागला, असंही त्याने लिहिलंय. तो मात्र सरळ सरळ चव पालटण्याचा प्रकार.

कल्हई
आणि धोतरा? आमच्याकडे बांधाबांधावर उगवतो.

गुंगी
काका, धोतऱ्याची गोष्ट एलएसडीहून फार वेगळी. एलएसडी घेतलेल्या माणसाला बऱ्याचदा कळत असतं की आपण जे बघतोय ते नशेचं आहे. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं ते भानच काढून घेतात. पूर्वीचे लोक तापात माणूस बरळायला लागला की 'वात झाला' म्हणत ना, तसली अवस्था. माणूस हवेतल्या वस्तू वेचतो, अंथरूण चाचपतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो. बोटांत काहीही नसताना विडी ओढतो, धूर सोडतो, नसलेल्या पेल्यातून पितो. हे प्रकार विषबाधेच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतात. त्या विडीची चव त्याला येत असते का? बहुधा येत असावी, पण सांगणार कोण? शुद्धीवर आल्यावर त्याला यातलं फारसं आठवतच नाही. तोंड तर इतकं कोरडं असतं की थुंकी गिळता येत नाही.

वैद्य रानवाट
धोतऱ्याचं एक संस्कृत नावच *उन्मत्त* आहे. नाव ठेवणाऱ्याने परिणाम बघूनच ठेवलं.

अनुस्वार
अमेरिकेतही तीच तऱ्हा. तिथल्या धोतऱ्याला जिमसनवीड म्हणतात, ते जेम्सटाउनचं अपभ्रष्ट रूप. व्हर्जिनियातल्या त्या गावी १६७६ साली बंड मोडायला आलेल्या इंग्रज सैनिकांनी त्याचा पाला भाजी म्हणून शिजवून खाल्ला आणि अकरा दिवस ते पोरकट चाळे करत राहिले, असं तिथल्या जुन्या इतिहासात लिहिलंय. कुणी हवेत पीस फुंकत बसला, तर कुणी त्या पिसाला गवताच्या काड्या फेकून मारत होता. कोवळा पाला होता म्हणे.

नाकशेंडा
वाचतेय. एक शंका: कोविडमध्ये माझी चव गेली होती, आणि नंतर काही आठवडे कॉफीला जळक्या रबराचा वास येत होता. चव म्हणून आपण सांगतो त्यातलं अर्धंअधिक नाकाचंच असतं ना? मग गस्टेटरी म्हणजे फक्त जिभेचं की दोन्ही?

गुंगी
नेमका मुद्दा. जिभेला कळतं ते खारट, आंबट, गोड, कडू आणि मांस-टोमॅटो-चीजमधली ती उमामी. केशर, वेलची, जळकं रबर हे घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचं काम. कळकलेल्या चवीतलाही बराच हिस्सा वासाचा असतो. लोहाचं द्रावण तोंडात धरून नाक दाबलं तर ती चव बरीच ओसरते. त्यामुळे 'तोंडात जळकं लागतं' म्हणणाऱ्याला वासाचा भास होत असण्याची शक्यता जास्त.

आणि या दोघांचं मेंदूतलं बिऱ्हाडही शेजारी-शेजारी आहे. अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, काही झटके नाकातोंडातल्या विचित्र जाणिवेने सुरू होतात. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातच असे रुग्ण टिपले होते. १९८७ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या विचारासाठी तपासलेल्या ७१८ अपस्मार-रुग्णांचा आढावा घेतला, त्यांत ३० जणांना झटक्यात चवीचे भास होत होते. म्हणजे चार टक्के. तोंडात काहीच नाही, नशा नाही, औषधाची चव नाही. शुद्ध निर्वस्तुभ्रम बघायचा तर इथे.

मोरपीस, म्हणून तुझ्या प्रश्नावलीत हा प्रश्न हवाच. चव सेकंदभरासाठी येऊन जाते, पुन्हा तशीच येते, सोबत भान हरपतं, असं कुणी सांगितलं तर तो नशेचा विषय नसून फिट्सचा असू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्यावर फिट्स येतात, हेही विसरायचं नाही.

मोरपीस
हे अगदी कामाचं आहे. आता नोंदी कमी का, याचा एक धागा मलाच सापडला. दारू सोडतानाच्या त्रासासाठी सगळीकडे वापरतात त्या मोजपट्टीत दहा बाबी आहेत. त्यांत स्पर्शाचे, ऐकण्याचे आणि दिसण्याचे त्रास विचारलेत. चव आणि वास नाहीतच. विचारलंच नाही तर सांगणार कोण?

गुंगी
+१. आणि जे आपणहून सांगतात ते वेगळ्याच भाषेत सांगतात. 'जेवणात काहीतरी कालवलंय.' स्किझोफ्रेनियात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. नातेवाईक त्याला निव्वळ संशय समजतात. काही वेळा त्या माणसाला खरंच विचित्र चव येत असते आणि संशय त्या चवीवर उभा राहतो. 'संशय घेऊ नकोस' म्हणण्याआधी 'कसं लागतंय?' विचारलं तर उलगडा होतो.

वैद्य रानवाट
अवांतर, पण राहवत नाही. हठयोगाच्या ग्रंथांत खेचरी मुद्रेचं वर्णन आहे. जीभ उलटी वळवून टाळूमागे नेली की खारट, तिखट, आंबट, मग दुधासारखी, मधासारखी, तुपासारखी चव येते म्हणतात. तिथे पदार्थही नाही आणि नशाही नाही.

अनुस्वार
वैद्यबुवा, तिथे लाळ आहे आणि ताणलेली जीभ आहे. गुंगीताई त्याला पहिल्या गटात टाकतील. 😄

मूळ विषयाकडे येतो. गुंगीताईंच्या शेवटच्या प्रतिसादामुळे माझंच मत बदलायची वेळ आली. 'भास' या शब्दात निवाडा आहे. 'मला भास झाला' असं आपण नंतर, ते खरं नव्हतं हे कळल्यावर म्हणतो. दुसऱ्याला 'तुला भास होतोय' म्हटलं की त्याचा अर्थ 'तू खोटं धरून बसलायस' असाच होतो. ज्याला या क्षणी जेवण कडू लागतंय त्याला 'चवीचे भास होतात का?' विचारलं तर तो बेधडक नाही म्हणेल. त्याच्या लेखी ती चव खरी आहे. तेव्हा शब्द दोन जागी वेगळा ठेवा. समुपदेशकाच्या रकान्यात चवीचा भास, रुग्णाला विचारताना भास हा शब्दच नको.

कल्हई
पटलं. 'होतात का' पेक्षा 'लागतं का' विचारा. जिभेचं क्रियापद 'लागणे' हेच. कडू लागतं, गोड लागतं. 'चव जाणवते का' हे कागदी.

मोरपीस
सुंदर! तसंच करते. आणखी एक: 'सायकोअ‍ॅक्टिव्ह सबस्टन्सेस' साठी अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याच्या मराठी नावातून 'मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ' घेतलं होतं. बोलताना तेही जड जातंय.

अनुस्वार
'अंमल' आहे की. दारूचा अंमल, भांगेचा अंमल, अंमल चढला, अंमल उतरला. त्यावरूनच अंमली पदार्थ. झोपेच्या गोळ्यांना मात्र लोक अंमली पदार्थ मानत नाहीत, त्या वेगळ्या विचाराव्या लागतील. कायद्याचं लांब नाव फॉर्मच्या डोक्यावर एकदा छापा आणि विसरून जा.

मोरपीस
सगळ्यांचं घेऊन असं केलंय:

> काही खाल्लं-प्यायलं नसताना तोंडात मधूनच कसलीतरी चव येते का? कशी लागते? (कडू, खारट, गोड, कुजकी, नाणं किंवा रक्त तोंडात असल्यासारखी, कळकल्यासारखी)
> ही चव कधी येते: अंमल चढलेला असताना, उतरताना, की एरवीही?
> झोपेची किंवा दुसरी कुठली गोळी चालू आहे का? ती सुरू केल्यावर चव येऊ लागली का?
> चव क्षणभर येऊन जाते की टिकून राहते? त्या वेळी आजूबाजूचं भान जातं का?
> नेहमीचं जेवण वेगळं लागतं का? जेवणात कुणी काही घातलंय असं वाटतं का?

समुपदेशकाच्या रकान्यात: औषधाची चव / चव पालटली / चवीचा भास / फिट्सची शंका, डॉक्टरांकडे पाठवा.

गुंगी
छान. 'तोंड कोरडं पडतं का?' हाही प्रश्न जोड, आणि चुळा भरल्यावर चव जाते का तेही विचार. चुळा भरून चव गेली किंवा बरीच कमी झाली, तर ती लाळेतली असण्याची शक्यता जास्त.

नाकशेंडा
आणि नाक दाबल्यावर जाते का?

मोरपीस
दोन्ही घातले. 'कळकल्यासारखी' छापताना टंकलेखकाने 'कळकट' केलं होतं, तेही आत्ताच दुरुस्त करून घेतलं.